निघताना विचारू नये ते

५ फेब्रुवारी १९५६, रविवार. अंथुर्णे

पुण्याहून वकिलीच्या कॉलेजचं पत्र आलं. प्रवेश परीक्षा ११ जूनला. बी.ए.ला तिसरा वर्ग असलेल्यांना हे कॉलेज परीक्षेशिवाय घेत नाही, आणि परीक्षेला दोनदाच बसू देतं. माझं एकदा झालं. गेल्या जूनमध्ये बसलो आणि सपशेल आपटलो. आता ही दुसरी, म्हणजे शेवटची.

आबांनी पत्र हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. वाचता येत नाही, पण कागद जड आहे की हलका हे त्यांना हाताला कळतं म्हणे. मग म्हणाले, "जयवंता, ह्या खेपेला न्हाय जमलं तर जुलैपास्नं भवानीनगरला कारखान्यात ऊस-नोंदणीला बसायचं. म्या शब्द टाकलाय." आबा कारखान्याचे सभासद, त्यांनी शब्द टाकला म्हणजे झालंच. मी काय बी.ए. झालो ते कुणाच्या रानात किती गुंठे ऊस उभा आहे हे लिहायला? लहानपणी इंदापूरच्या कोर्टात मी एका काळ्या कोटवाल्याला फौजदाराची बोबडी वळवताना पाहिलं, तेव्हापासून माझं ठरलेलं आहे. माझा कोट तर शिवूनही झाला. ट्रंकेत लिंबाच्या पाल्यात पडून आहे.

गेल्या वर्षी का नापास झालो हे मला पक्कं ठाऊक आहे. आज लिहूनच टाकतो. पुण्याला निघालो होतो. हातात पिशवी, अंगात तो कोट. आबा ओट्यावर, आई चुलीपाशी. एस.टी.चा भोंगा ऐकू येत होता. मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि आमच्या सौभाग्यवती मागून चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या, "कुठं चाललात?"

निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणू नये हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आईच्या हातातली पिठाची काटवट खाली पडली. आबा म्हणाले, "ये मागं. घटकाभर टेक, गुळाचा खडा तोंडात घाल, मग जा." मी म्हणालो, "असल्या खुळचट गोष्टी मी मानत न्हाय," आणि ताडताड निघून गेलो. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी खरंच मानत नाही. पण नापास झालो ते झालोच ना? आणि तिला ठाऊक नव्हतं असंही नाही. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. मी कुठं चाललोय हे गोठ्यातल्या म्हशीलाही माहीत होतं. मग विचारायचं कशाला? निकाल लागल्यावर मी सारजाशी बोलणं टाकलं. ती नागपंचमीला लासुर्ण्याला माहेरी गेली ती आजतागायत आली नाही. तिला राग आला असेल तर येवो. खरं म्हणजे रागवायचा हक्क माझा आहे.

८ फेब्रुवारी, बारामती

बापूसाहेब वकिलांकडे पाय धरायला गेलो. सोमवार ते शनिवार त्यांच्याकडे राहायचं, पडेल ते लिखाणकाम करायचं, आणि त्यांनी मला परीक्षेसाठी तयार करायचं, असं ठरलं. भला माणूस. फक्त बोलताना तपकीर ओढतात आणि ऐन मुद्द्यावर शिंकतात.

गेल्या वर्षीचा प्रश्न आठवून पुन्हा उत्तर लिहायला लावलं. प्रश्न असा होता: वरच्या शेतकऱ्यानं चारीचं पाणी अडवलं, खालच्याचं पीक वाळलं, दोन्ही बाजू मांडा. मी आठ पानं लिहिली. खालच्या शेतकऱ्याची बाजू अशी काही मांडली की लिहिताना माझेच डोळे भरून आले. वरच्या हरामखोराला पार सोलून काढला.

बापूसाहेबांनी सगळं वाचलं, शिंकले, आणि म्हणाले, "वरच्याची बाजू कुठे आहे?"

"त्याला बाजूच नाही, बापूसाहेब. तो चोर आहे."

"प्रत्येकाला बाजू असते. तुला दिसली नाही एवढंच. वकिलाला आधी समोरच्याचा खटला मांडता आला पाहिजे. तू असा लिहितोस की जणू तुझंच पीक वाळलंय."

मला हे फारसं पटलं नाही. पण त्यांना काय सांगणार, की नापास होण्याचं खरं कारण घरच्या उंबऱ्यात उभं होतं?

२६ फेब्रुवारी, रविवार. अंथुर्णे

घरी आलो की आईचं तेच. "सारजीला घिऊन ये. किती दिस असं?" मी म्हणालो, ती आपणहून गेली, आपणहून येईल. आई म्हणाली, "तिला तवा लई तरास झाला, बाळा. अंगात रगत राह्यलं नव्हतं." मी म्हणालो, ताप सगळ्यांनाच येतो. गेल्या जूनमध्ये पुण्याहून परत आलो तेव्हा ती अंथरुणावरच होती खरी. साखरबाई सुईण उशाशी बसलेली. ही बाई आमच्या घरात कशाला, म्हणून मी विचारलंही होतं. आई म्हणाली, "अशीच आली बसाया." म्हातारीला गप्पा मारायला कुणीतरी लागतंच. मी निकालाच्या काळजीत होतो, त्यांच्या गप्पांत लक्ष घालायला मला वेळ नव्हता.

आज आई बोलता बोलता एकदम गप्प झाली आणि पदरानं चुलीवरचं भांडं उतरवायला लागली. बायकांचं काही कळत नाही.

२ मार्च, बारामती

काही डोक्यात शिरत नाही. पहाटे उठतो, वाचतो, उजाडेपर्यंत सगळं विसरतो. अजून तीन महिने आहेत असं मनाला सांगतो, आणि मन लगेच सांगतं की गेल्या वर्षीही होते.

१९ मार्च, बारामती

आज बापूसाहेबांनी वेगळाच डाव टाकला. म्हणाले, "पुस्तकातले शेतकरी सोड. तुझं स्वतःचं कुणाशी भांडण आहे का?"

मी म्हणालो, आहे. बायकोशी. थोडक्यात हकिकत सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि चक्क शिंकले नाहीत. म्हणाले, "आता तू तिचा वकील. तिची बाजू लिहून आण. चार पानं."

दिवसभर बसलो. हाती लागलं ते असं: "प्रतिवादी ही अडाणी असून तिला रीतभात ठाऊक नसल्याने तिच्याकडून सदर शब्द अनवधानाने उच्चारला गेला." बस्स. पुढे शाई वाळली.

बापूसाहेबांनी ती दीड ओळीची कैफियत वाचली. "अडाणी म्हणतोस. मग आबा, आई, तू, सगळ्यांना ठाऊक असलेली रीत तिला एकटीलाच ठाऊक नव्हती?"

"ठाऊक असणारच."

"मग अनवधान कसलं? अरे, हे तर तू तिच्याच विरुद्ध लिहिलंस." आणि आता मात्र शिंकले.

म्हणजे तिनं मुद्दाम म्हटलं! हे आजवर माझ्या ध्यानात कसं आलं नाही? मुद्दाम! मला बी.ए.चा गर्व झालाय असं ती एकदा फुलाबाईंना, म्हणजे तिच्या आईला, म्हणाली होती. माझा गर्व उतरावा म्हणूनच हे केलं असणार. आता तर मी तिला आणायला मुळीच जाणार नाही.

११ एप्रिल, बुधवार. इंदापूर ते बारामती

बापूसाहेबांच्या एका खटल्याचे कागद घेऊन तिथल्या कोर्टात गेलो. हुकूम असा की दिवसभर बसायचं आणि फक्त हरणाऱ्या बाजूकडे बघायचं.

एक खटला नांदायला न येणाऱ्या बायकोचा होता. नवऱ्यानंच दावा लावलेला. नवरा, त्याचा बाप, चुलते, सगळी मिशाळ मंडळी समोर ओळीनं बसलेली. ती बाई पिंजऱ्यात उभी. जज्जसाहेबांनी विचारलं, "घर का सोडलं?" ती गप्प. पुन्हा विचारलं. ती गप्प. एकदा सासऱ्याकडे पाहिलं आणि पदर आणखी पुढे ओढला. मी मनात म्हटलं, गप्प बसणं म्हणजे कबुलीच. आपल्या वहीत तसं टिपूनही घेतलं.

मग जज्जसाहेबांनी काय करावं? सासरच्या सगळ्या मंडळींना बाहेर काढलं, दार लावून घेतलं. आम्ही वकील-कारकून तेवढे आत. पुन्हा विचारलं, आणि ती बाई बोलायला लागली ती थांबेचना. पाट फुटावा तसं. ती काय म्हणाली ते इथं लिहीत नाही. लिहिण्यासारखं नाही. शेवटी जज्जसाहेब म्हणाले, "बाई, हे तू आधी का नाही सांगितलंस?" तर ती म्हणाली, "सायेब, मामंजीफुडं कसं बोलायचं? चार वर्सं झाली, त्यांच्याफुडं मी नवऱ्याशी बी कंदी बोलले न्हाय."

एस.टी.त परत येताना माझं डोकं दुखत होतं. आमच्या घरातही तसंच आहे. आबांसमोर सारजा माझ्याशी कधी बोललेली नाही. एक अक्षर नाही. ते एकच वाक्य काय ते बोलली, आणि तेही नेमकं तसलं.

वहीतलं 'गप्प बसणं म्हणजे कबुली' खोडून टाकलं.

२९ एप्रिल, रविवार. अंथुर्णे

काल बापूसाहेबांनी घड्याळ लावून सराव परीक्षा घेतली. पुन्हा तेच. एका बाजूचा सूर लागला की मी वाहवत जातो, दुसरी आठवते तेव्हा वेळ संपलेली असते. बापूसाहेबांनी रागावायला हवं होतं. ते नुसतंच तपकिरीच्या डबीचं झाकण उघडत-मिटत बसले, त्यावरून मला काय समजायचं ते समजलं.

मी होत नाही वकील. हे एकदा स्पष्ट लिहून बघतो: मी वकील होत नाही. लिहिलं तरी काही हलकं वाटत नाही. पंचवीस वर्षांचा घोडा, गावात सगळे 'वकीलसायेब' म्हणून डोळे मिचकावतात, बायको माहेरी, आणि कोट ट्रंकेत. माझ्याजवळ आहे काय? घरात तोंड दाखवायची लाज वाटते. आबा रागावत नाहीत, मायेनं बोलतात, त्याची जास्त लाज वाटते.

संध्याकाळी कालव्याच्या पुलावर जाऊन उभा राहिलो. पाणी भरून चाललेलं. किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. मनात काय काय आलं ते लिहायचं धैर्य नाही. कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी सावळाराम सायकलवरून आला, माझ्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि खाली उतरला. म्हणाला, "वकीलसायेब, उद्याच्याला पाण्याची पाळी बंद हाय. कालव्यात काय ऱ्हाणार न्हाय, निस्ता चिखूल. चला, मी तिकडंच चाललोय." आणि सायकल हातात धरून घराच्या दारापर्यंत माझ्याबरोबर चालत आला. त्याचं घर दुसरीकडे आहे.

१३ मे, रविवार. लासुर्णे ते अंथुर्णे

लासुर्ण्याला जाऊन आलो. आणायला नव्हे. बापूसाहेबांनी सांगितलं, चार पानं अजून येणं आहेत, पक्षकाराला भेटल्याशिवाय वकिलाला काय लिहिता येणार? म्हणून गेलो. अभ्यासासाठी.

सगळे भोवती बसले. सासरे, मेव्हणा, दोन शेजारी. चहा झाला, उसाचं झालं, कारखान्याचं झालं. सारजानं पाणी आणून ठेवलं आणि आतल्या दाराशी जाऊन उभी राहिली. वाळली आहे. मी सगळ्यांसमोर काय विचारणार? तरी म्हणालो, "बरं हाय ना?" तिनं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

फुलाबाई आतून म्हणाल्या, "पाव्हणं, तुमच्या परीक्षेचं बोला. आमच्या पोरीचं काय, तिची झाली दिऊन." ह्या बाईंना टोमणे मारल्याशिवाय घास गिळत नसावा. कसली परीक्षा दिली हिनं?

निघालो तेव्हा सारजा उंबऱ्यापाशी आली. पदर तोंडाशी धरून उभी होती, जशी काही शब्द आत कोंडून ठेवतेय. या खेपेला 'कुठं' नाही म्हणाली, हे एक बरं झालं.

वाटेत मात्र सारखं वाटत राहिलं की आपलं काहीतरी तिथंच राहिलं. दोनदा पिशवी उघडून बघितली.

२७ मे, रविवार. अंथुर्णे

सगळं लिहून काढतो.

सकाळी ओट्यावर वाचत बसलो होतो. साखरबाई आली. आई वांगी तोडायला मळ्यात गेलेली, आबाही नव्हते. म्हातारी माझ्याशेजारी टेकली, मिश्री लावत लावत म्हणाली, "सून कवा येनार रं? पुन्यांदा दिस ऱ्हायला नगंत का?"

मी वाचतच होतो. आणि मग तो शब्द आत गेला. पुन्यांदा?

"पुन्यांदा म्हंजे?"

म्हातारीनं तोंडातलं बोट काढलं. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तुला... न्हाय सांगितलं व्हय कुणी?" मग उठायला लागली. मी तिचा हात धरला. म्हणाली, "सोड रं बाबा. तिसरा म्हैना लागला व्हता तिला. तू पुण्याला गेलास त्या दिशी दुपारच्याला समदं पडलं. पोर वाचली ह्येच लई."

आई मळ्यातून आली तेव्हा मी दारातच उभा होतो. तिनं माझं तोंड बघितलं आणि वांग्याची पाटी खाली ठेवली. "कसं सांगायचं, बाळा? तुझा पेपर. मग तू नापास झालास, तिच्याशी बोलंनास. म्या म्हणलं, आदीच एवढं दुख, त्यात ह्ये कशाला. सारजी बी म्हणली, नगा सांगू."

"तिला सकाळीच तरास व्हत व्हता का? म्या निघालो तवा?"

"मला काय ठावं? मला तर दुपारी कळलं. दिस गेल्याचं बी तवाच कळलं. कुणाला काय बोलली न्हवती ती."

मी गोठ्यात जाऊन रडलो. चांगला मोठ्यानं रडलो, म्हैस बघत होती. माझं मूल होतं आणि मला माहीत नव्हतं. साखरबाई उशाशी बसलेली मी ह्या डोळ्यांनी पाहिली, आणि तापच समजलो. ह्या वहीत तसं लिहिलंसुद्धा. मागची पानं वाचवत नाहीत. आणि तो अपशकुन, तो माझ्यावर नाही, तिच्यावरच उलटला. बिचारीच्या तोंडून गेलेला शब्द तिलाच भोवला.

९ जून, शनिवार. अंथुर्णे

पंधरा दिवस वाचलं, पण काय वाचलं ते विचारू नये. चार पानं लिहायला बसलो, 'माझी पक्षकार' एवढंच लिहिलं जातं. बापूसाहेबांना मी काही सांगितलं नाही, त्यांनीही पानं मागितली नाहीत. निरोप देताना म्हणाले, "पेपरात आधी नावडती बाजू लिही."

उद्या निघायचं. आईनं कोट काढून उन्हात घातला. वाटेत लासुर्ण्याला उतरणार आहे. दुपारच्या एस.टी.नं पुढे बारामती, तिथून दौंडची गाडी, मग पुणे. सारजाला काय म्हणायचं ते ठरवलं आहे. म्हणणार, तुझ्या हातून चुकून गेलं, मी मनातून काढून टाकलंय.

१० जून, रविवार. दौंडच्या गाडीत

गाडी हलते, अक्षर वाकडं येतंय.

लासुर्ण्याला उतरलो. सगळी मंडळी पुन्हा जमली. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "मला सारजाशी बोलायचंय. एकटीशी." सासऱ्यांनी भुवई वर केली. मेव्हणा हसला. मला इंदापूरचे जज्जसाहेब आठवले. म्हणालो, "तुमी सगळे जरा भाईर बसा." जावयानं सासऱ्याला त्यांच्याच घरातून बाहेर काढल्याचं लासुर्ण्यात प्रथमच झालं असेल. फुलाबाईच उठल्या आणि म्हणाल्या, "चला वो. जावईबापूंना आज कंठ फुटलाय." दार ओढून घेतलं.

मी ठरवलेलं वाक्य म्हणालो. तुझ्या हातून चुकून गेलं, मी मनातून काढून टाकलंय.

सारजा माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला तीन वर्षं झाली, एवढं सरळ माझ्याकडे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"चुकून न्हाय गेलं," ती म्हणाली. "मी मुद्दामच म्हणले."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"पहाटंपास्नं पोटात कळा येत व्हत्या. अंगावर जाया लागलं व्हतं. कुणाला सांगू? मामंजी ओट्यावर, आत्याबाई चुलीपाशी. तुमाला हाक मारायची सोय न्हाय, तुमच्याशी बोलायची सोय न्हाय. तुमी पिसवी उचलली. मग माझ्या ध्यानात आलं, 'कुठं' म्हणलं की निघाल्यालं माणूस मागं फिरतं. आत येतं, टेकतं. गूळ द्यायला मीच आत आले असते. तेवढ्यात कानात सांगितलं असतं. मला तेवढी घटकाच पायजे व्हती."

बाहेर कुणीतरी खाकरलं.

"शिव्या खाव्या लागतील ठाऊक व्हतं मला. म्हणलं खाईन. पर तुमी मानत न्हवता. तुमी गेला."

मी खाली बसलो. मला वाटतं मी तिचे पाय धरायला वाकलो होतो, पण तिनं मागे घेतले. मी म्हणालो, "सारजा, परत येशील का?"

"ते परीक्षा झाल्यावर इचारा. आत्ता इचारलं तर मी न्हाय म्हणंन, आन उद्या तुमाला काय झालं तर तेबी माज्याच माथी माराल."

एस.टी. आली. मी चढलो. ती उंबऱ्यापाशीही आली नाही.

मानत नव्हतो म्हणून बसलो नाही, आणि मानत होतो म्हणून वर्षभर बोललो नाही. असा मी, आणि मला कोर्टात लोकांची बाजू मांडायची आहे.

११ जून, सोमवार. पुणे

परीक्षा झाली.

प्रश्न असा होता: एका गावात कालव्याचं पाणी खालच्या रानात सोडण्याआधी पाटकरी बांधावरच्या झाडाला लाल फडकं बांधतो. सगळ्या गावाला ही खूण ठाऊक आहे. एका शिकलेल्या मालकानं फडकं पाहिलं, पण असल्या खुणा आपण मानत नाही म्हणाला आणि खळं तसंच ठेवलं. पाणी आलं, धान्य वाहून गेलं. त्यानं पाटकऱ्यावर दावा लावला की मला तोंडी का सांगितलं नाही. दोन्ही बाजू मांडा.

बापूसाहेब म्हणाले होते, आधी नावडती बाजू लिही. माझी नावडती कुठली आणि आवडती कुठली हेच मला कळेना. मी पाटकऱ्याची बाजू लिहायला घेतली. त्याला मालकाशी बोलायची सोय नव्हती. त्याच्याजवळ फडक्याशिवाय दुसरं काहीच नव्हतं. जे होतं ते त्यानं सगळ्यांना दिसेल असं बांधलं, आणि त्याबद्दल बोल खायची त्याची तयारी होती. पानामागून पान लिहीत गेलो. एवढं नीट मी आयुष्यात लिहिलेलं नाही.

मग मालकाची बाजू लिहायला नवीन पान घेतलं. वर 'मालकाचे म्हणणे' असं लिहिलं, खाली रेघ मारली. आणि पुढे एक शब्द सुचला नाही. अर्धा तास होता. मी त्या रेघेकडे बघत बसलो. खरा वकील असता तर त्या मालकासाठीही त्यानं काहीतरी शोधून काढलं असतं. मला त्या माणसासाठी बोलावंसं वाटलं नाही.

घंटा झाली. पान कोरंच दिलं.

१२ जून, मंगळवार. लासुर्णे

एस.टी.तून उतरलो. सारजा अंगणात ज्वारी पाखडत होती. आसपास कुणी नव्हतं, सगळे रानात.

"कसा गेला?" तिनं विचारलं.

"नापास झालो."

"निकाल लागला?"

"न्हाय. पर मला ठाऊक हाय. आन ह्यात तुझा काय संबंध न्हाय. ह्ये माझं मी केलं. एक तारखेपास्नं भवानीनगरला जाईन."

तिनं सूप खाली ठेवलं. 'अरेरे' म्हणाली नाही, बरं झालं. मी तिला पेपराची हकिकत सांगितली, त्या फडक्याची, आणि कोऱ्या पानाची. ती सगळं ऐकत होती. पाटकऱ्याच्या बाजूनं काय लिहिलं ते तिनं दोनदा सांगायला लावलं. मग विचारलं, "आन मालकाचं कायच न्हाय लिवलं?"

"न्हाय."

"लिवायचं व्हतं की थोडं," ती म्हणाली. "त्याचं बी धान्यच ग्येलं ना."

वर्षभर रडू आलं नव्हतं कुणासमोर, ते आलं. ती पुन्हा पाखडायला लागली. ज्वारीचा भुसा माझ्या कोटावर उडत होता, मी झटकला नाही.

परत येशील का, हे विचारायचं ठरवून आलो होतो, पण विचारलं नाही. परीक्षा झाल्यावर विचारा म्हणाली होती, तरी धीर झाला नाही. अंथुर्ण्याच्या एस.टी.चा भोंगा लांबून ऐकू आला. मी पिशवी उचलली, "जातो," म्हणालो, आणि फाटकापर्यंत गेलो.

मागून ती म्हणाली, "कुठं चाललात?"

आवाज मोठा नव्हता. मी थांबलो. गाडी वळणावर आली होती, हात केला असता तर थांबली असती.

मी मागे फिरलो. आत गेलो आणि घोंगडीवर बसलो. सारजानं गुळाचा खडा आणून हातावर ठेवला आणि शेजारी बसली. गाडी निघून गेली.

"सांग," मी म्हणालो.